धारेची वही: दगड, क्लॅम्प आणि विळी

या खेपेची नोंद एकाच प्रश्नाची आहे. घरच्या सुऱ्यांना आणि विळीला धार लावायला हार्डवेअरच्या दुकानातला दुतोंडी दगड पुरतो, की कोन धरून देणारा गाइडेड संच घ्यावा? पावसाळाभर दोन्ही आलटून-पालटून वापरले. संच धाकट्या दिराचा. "वहिनी, याला हात बसायची वाट बघायला नको, कोन तोच धरतो," असं म्हणून त्याने तो माझ्याकडे ठेवला आणि मी मनसोक्त वापरून घेतला.

आधी घरातली पाती सांगते, कारण निवड तिथूनच सुरू होते. रोजची भाजीची सुरी, सोलायची छोटी सुरी, जर्मन घाटाची एक आठ इंची शेफ सुरी, भावाने जपानहून आणलेली व्हीजी-10 पोलादाची सांतोकु सुरी, सासूबाईंची लोखंडी विळी आणि नारळाचा कोयता. रोजच्या दोन्ही सुऱ्यांचं स्टील मऊ. रॉकवेल या कडकपणाच्या मापावर जर्मन सुऱ्यांत सर्रास असणारं पोलाद साधारण 56 ते 58 भरतं, व्हीजी-10 हे 60 च्या आसपास. मऊ पातं लवकर मुडपतं, पण दगडावर चटकन वठणीवर येतं. कडक पातं धार धरून ठेवतं. मात्र त्याला घासायला वेळ लागतो आणि करवंटीवर आपटलं तर टवका उडतो. कोन, म्हणजे घासताना पातं दगडाशी करतं तो, म्हणाल तर मऊ सुऱ्यांना मी प्रत्येक बाजूला 20 अंश देते, सांतोकुला 15.

बर

साधन कुठलंही असो, धार येते ती बर उठल्याने आणि बर गेल्याने. कारखान्यात लेथवर काम केलेल्यांना हा शब्द सांगायला नको. एका बाजूने घासत गेलं की धातूची अतिसूक्ष्म पापुद्र्यासारखी कड दुसऱ्या बाजूला वळते, तीच बर. ती मुठीपासून टोकापर्यंत अखंड लागली पाहिजे, मगच बाजू बदलायची. तपासताना अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेकडे, हलकेच, बाहेरच्या दिशेने ओढायचा. धारेच्या रेषेत कधीच नाही. बर असली की शेवटच्या क्षणी बोटाला बारीक खर लागते. बहुतेकदा मूठ आणि पोट (पात्याचा मधला भाग) यांच्याकडे ती पटकन येते आणि टोकाशी येतच नाही, कारण तिथे पातं वळतं आणि हात मात्र सरळच जात राहतो. टोकाकडे जाताना कोपर किंचित उचललं की दगड धारेला पुन्हा लागतो.

घासतोय ते धारेलाच लागतंय ना, हे पाहायला काळं पर्मनंट मार्कर उत्तम. उतारावर, म्हणजे धारेलगतच्या घासलेल्या पट्टीवर, शाई फासायची, दोन हात मारायचे आणि उजेडात बघायचं. शाई फक्त वरच्या काठाची गेली तर कोन कमी आहे, नुसती धारेलगतची गेली तर जास्त. सगळी पुसली गेली तर अचूक. हे मार्कर दगडालाही चालतं आणि संचालाही.

दगड

दुकानदार ज्याला कार्बोरंडम म्हणतो ते सिलिकॉन कार्बाइड. अमेरिकेत एडवर्ड ॲचेसनला 1891 मध्ये ते विजेच्या भट्टीत हाती लागलं. आपल्याकडे उरणजवळ मोऱ्याला ग्राइंडवेल कंपनी 1941 पासून घासायची चाकं आणि दगड करत आली आहे. असा दगड काही शे रुपयांत मिळतो. एक बाजू जाड दाण्याची, एक बारीक. त्यावर पाणी वापरायचं की तेल हे पहिल्या दिवशी ठरवा, कारण एकदा तेल मुरलं की पाणी त्यावर टिकत नाही. तेल वापरायचंच असेल तर शिलाई मशीनचं घ्या. खायचं तेल काही दिवसांत चिकट होतं आणि दाणे बुजतात.

या दगडाची बारीक बाजूही शेवटचा हात देण्याइतकी बारीक नसते. म्हणून मी 1000 आणि 3000 चे जपानी पाण्याचे दगड जोडीला ठेवले आहेत (आकडा दाण्याचा, जितका मोठा तितका दाणा बारीक). 1000 चा दगड आणि 1000 नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) एकच, असं धरून चालू नका. दाणे मोजायच्या पद्धती वेगळ्या आहेत आणि पेपरचा दाणा जरा जाड निघतो.

दगडावर कोन कसा धरायचा याला उत्तर गणितात आहे. पात्याची रुंदी गुणिले कोनाचा साइन, म्हणजे पाठ दगडापासून किती वर हवी ते. 45 मिमी रुंद शेफ सुरीला 20 अंशांसाठी पाठ साधारण 15 मिमी उचलावी लागते. तेवढ्याच रुंदीच्या पात्याला 15 अंश हवे असतील तर 12 च्या आसपास. सोलायच्या 20 मिमी रुंदीच्या सुरीला 20 अंशांसाठी जेमतेम 7. मी जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या त्या उंचीच्या कापून ठेवल्या आहेत. सुरुवातीला पाठीखाली पट्टी ठेवून उंची डोळ्यांत भरून घ्यायची, मग पट्टी काढून घासायचं. मनगट कुलूपबंद, हालचाल खांद्यातून.

दगड मध्ये खोलगट होतो, तो वेळीच सपाट करा. पेन्सिलीने उभ्याआडव्या रेघा मारायच्या, ग्रॅनाइटच्या ओट्यावर वॉटर पेपर ओला करून चिकटवायचा आणि सगळ्या रेघा जाईपर्यंत दगड घासायचा. खोलगट दगडावर 20 अंश धरले तरी पात्याला दर इंचाला वेगळाच कोन लागतो.

संच

आता दिराचा क्लॅम्प. पातं चिमट्यात धरायचं, दगडाला जोडलेली दांडी ठरलेल्या भोकातून पुढेमागे फिरते. लॅन्स्कीसारख्या जुन्या घाटाच्या संचात 17, 20, 25 आणि 30 अशी चार भोकं असतात. एज प्रोच्या धर्तीच्या संचांत कोन हवा तसा सरकवता येतो.

यात मिळणारा उतार बघून मन भरतं. मुठीपासून पोटापर्यंत एकसारखा, आरशासारखा. सांतोकुवर पंधरा अंशांचा असा स्वच्छ उतार मला हाताने अजून साधत नाही. ज्यांचा हात थरथरतो त्यांना मी डोळे झाकून हाच संच सांगेन.

पण भोकावर लिहिलेला आकडा पात्यावर उतरतोच असं नाही. कोन ठरतो दोन गोष्टींवर: भोकाची उंची आणि भोकापासून धारेचं अंतर. उंची तीच राहिली आणि अंतर वाढलं की कोन कमी होतो. 10 सेंमीवर 20 अंश मिळत असतील, तर 12 सेंमीवर तेच भोक जवळजवळ 17 देतं. म्हणजे रुंद सुरीला लिहिल्यापेक्षा कमी, आणि लांब सुरीच्या टोकाला आणखी कमी. म्हणून मी चिमट्यात पातं नेहमी त्याच जागी धरते. पाठीवर मार्करने खूण करून ठेवली आहे, पुढच्या वेळी तिथेच चिमटा. डिजिटल अँगल क्यूब (कोन दाखवणारी छोटी डबी) असेल तर दगडावर चिकटवून खरा आकडा वाचा, छापलेल्यावर विसंबू नका. आठ इंची सुरी तर एकाच पकडीत करूच नये. मधून सोडून दोन ठिकाणी धरायची, आणि जिथे दोन्ही उतार मिळतात तिथे शाई पुन्हा तपासायची.

जोडणी, पकड, दगड बदलणं, पुन्हा काढून ठेवणं यात वेळ जातो. रोजच्या सुरीला अधूनमधून दोन हात द्यायचे असतात, तेव्हा एवढा पसारा मांडवत नाही. आणि मांडवत नाही म्हणून सुरी बोथट राहते, हा माझ्या मते संचाविरुद्धचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

विळी

खरी परीक्षा इथे झाली. विळी कुठल्याही चिमट्यात बसत नाही, बाकावरच्या दगडावरही येत नाही. पातं पाटात पक्कं, वळणदार, धार बसणाऱ्याच्या दिशेला. इथे दगडानेच पात्याकडे जायचं. मी पाट भिंतीला टेकवते, एक पाय त्यावर ठेवते आणि धारेसमोर न बसता बाजूला बसते. हातात लांबट डायमंड प्लेट (हिऱ्याचे बारीक दाणे बसवलेली पट्टी), 25 मायक्रॉन दाण्याची. डीएमटी कंपनीच्या रंगसंकेतात ती लाल, त्याहून जाड 45 ची निळी, बारीक 9 ची हिरवी. हात नेहमी पाठीकडून धारेकडे आणि धारेपलीकडे, उलट कधीच नाही, म्हणजे निसटला तरी बोटं धारेवर पडत नाहीत. दाब देऊ नका. डायमंडला दाबाची गरज नसते आणि दाबाने त्याचे दाणेच निघतात. शेवटच्या हाताला सुऱ्यांना चिनी मातीच्या लोणच्याच्या बरणीच्या बुडाची, बिनचकाकीची खरखरीत कड काम देते. इथे ते जमत नाही, म्हणून विळीला सिरॅमिकची बारीक सळई फिरवते. मग पुसून, कोरडी करून, खोबरेलाचा हलका हात.

सासूबाईंनी कोथिंबीर चिरून बघितली. बोथट पातं पानं चेचतं आणि थोड्या वेळात ताटलीत काळपट ओल दिसते; या वेळी कोथिंबीर कोरडी आणि हिरवीगार राहिली. "आता माझ्याशिवाय कुणाला बसू देऊ नकोस हिच्यावर," म्हणाल्या.

बाकीचं थोडक्यात

ओढून धार लावायचं व्ही आकाराचं यंत्र पोलाद खरवडतं. धार लगेच चावते, लगेच जाते आणि पातं भराभर झिजतं. मी देत नाही. सायकलवरचा साणवाला कोयत्याला आणि कात्रीला मला चालतो, पातळ सुरीला नाही. कोरड्या चाकावर कड तापते, लोखंडी पात्यावर निळसर छटा आली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं समजा. स्वीडनच्या टॉरमेकसारखं यंत्र याच्या अगदी उलट: त्यांच्या टी-8 मॉडेलचं 250 मिमीचं चाक पाण्यात मिनिटाला 90 फेरेच घेतं, त्यामुळे पातं तापतच नाही. सुतारकामाच्या पटाशा असतील तर ते सोनं आहे. नुसत्या स्वयंपाकघरासाठी मात्र त्याची किंमत घरातल्या सगळ्या सुऱ्यांच्या बेरजेच्या कितीतरी पट होते.

माझं ठरलं ते असं. दुतोंडी दगड, 1000 चा पाण्याचा दगड, लाल डायमंड प्लेट आणि बर घालवायला लाकडाच्या फळीवर चिकटवलेला चामड्याचा पट्टा, त्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट. यात रोजच्या सुऱ्या, शेफ सुरी आणि विळी सगळं निभावतं. 3000 चा दगड फक्त सांतोकुसाठी बाहेर येतो. संच दिराला परत केला आहे. सांतोकुचा उतार बिघडला असं वाटलं की तेवढ्यापुरता मागून आणायचा. तुमच्याकडे कडक पोलादाच्या तीन-चार सुऱ्या असतील आणि विळी नसेल, तर तुमचं उत्तर उलटं येईल आणि तेही बरोबरच असेल.

पुढच्या नोंदीत अडकित्ता घेते. दोन पायांच्या मधल्या जागेत प्लेट शिरत नाही, म्हणून बारीक गोल डायमंड फाइल मागवली आहे.