सातबाऱ्यावर चार नावं

देवगडच्या बाजारात, एस.टी.त, लग्नाच्या पंगतीत, एक प्रश्न मला हमखास येतो. "भैनींच्यो सह्यो घेतलंस काय रे?" शहरातली माणसं तेच जरा आडवळणाने विचारतात. भाऊ अमेरिकेत, एक बहीण ऑस्ट्रेलियात, धाकटी पुण्यात, बाग एकटे तुम्ही बघता. मग त्यांनी आपला वाटा सोडल्याची हक्कसोड अजून का करून घेतली नाहीत?

तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. घेणार होतो.

आई गेल्यावर वारस नोंद झाली. तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. आमच्या तोंडी ते बसेपर्यंत नाव पुन्हा बदलेल.) सातबाऱ्यावर चौघांची नावं सामाईक लागली. 2018 च्या गणपतीला ताई आणि दादा एकाच वेळी आले. असा योग पुन्हा कधी यायचा, म्हणून मी वकिलाकडून मसुदा करून आणला. वडिलोपार्जित मिळकतीत भावंडाने मोबदला न घेता हक्क सोडला तर तेव्हा 200 रुपयांचा स्टॅम्प लागायचा, आता 500 चा. तेवढ्यात हल्ली आंब्याची रिकामी खोकीसुद्धा पुरेशी मिळत नाहीत.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पडवीत बसलो. ताई मसुदा मोठ्याने वाचायला लागली. तिला सवयच आहे, लग्नपत्रिकाही ती मोठ्याने वाचते. "सदर मिळकतीशी माझा व माझ्या वारसांचा कोणत्याही प्रकारचा संबंध राहिलेला नाही..." इथे ती थांबली. चष्मा काढला. म्हणाली, "मला एक गुंठा नको. आंबे नकोत, पैसे नकोत. पण हे वाक्य मी लिहून द्यायची नाही."

"अगं, ती वकिलाची भाषा आहे."

"मग वकिलाला सांग, हिला काही नको, पण हिचा संबंध आहे, असं लिहा."

असा दस्त होत नाही. मी खरोखरच जाऊन विचारून आलो.

मला राग आला होता, लपवत नाही. मोहोर आला की फवारण्या मी करायच्या, वानर मी हाकलायचे, राखणीला माणूस मिळेना की टॉर्च घेऊन रात्री मीच फिरायचं, आणि संबंध हिचा! दोन दिवस धड बोललो नाही. बायको म्हणाली, "तुम्हाला सही हवी आहे की बहीण?" तेव्हा तिचाही राग आला.

दादाचं म्हणणं वेगळंच निघालं. तो आता अमेरिकेचा नागरिक आहे, इथलं त्याचं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. त्याने न्यू जर्सीत चौकशी करून ठेवली होती. ओसीआय असलेल्याला भारतात फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली शेतजमीन मात्र ठेवता येते. म्हणजे आज सोडली तर उद्या कितीही डॉलर आणले तरी ती विकत परत घेता येणार नाही. "मी परत येईन असं म्हणत नाही," तो म्हणाला, "पण दाराला बाहेरून कुलूप घालून किल्ली समुद्रात कशाला टाकू?"

धाकटीने तर हसवलंच. ती बँकेत, तिचा नवरा बँकेत, दोघांनी आयुष्यात कोयता धरलेला नाही. तिचं म्हणणं, "सातबाऱ्यावरून नाव गेलं की मी शेतकरी राहत नाही. मग उद्या मुळशीला तुकडा घ्यायचा म्हटलं तर?" बरोबर होतं. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि शेतकरी कोण हे सातबारा ठरवतो, तळहातावरचे घट्टे नाही.

तर मसुदा फाडला. त्याऐवजी तिघांनी मला मुखत्यारपत्र द्यायचं ठरलं, म्हणजे हक्क त्यांचा, सह्या त्यांच्या वतीने माझ्या. पुण्याचं आठवड्यात झालं. ताईचंही सुरळीत आलं. दादाने न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीत सही करून कुरिअरने पाठवलं, ते ऐन पावसात पोचलं आणि मी कपाटात ठेवलं. भातलावणी, मग गणपती. बाहेर केलेला दस्त राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथला स्टॅम्प भरावा लागतो, हे मला ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, गेल्यावर कळलं, तेव्हा चौथा महिना चालू होता. दादाला पुन्हा एक दिवस रजा काढावी लागली. ते तो अजून दर फोनला ऐकवतो. दुसऱ्या वेळी पाकीट फोडलं ते थेट ओरोसला जाताना एस.टी.तच. 2021 च्या मेमध्ये तौक्ते वादळाने कलमं आडवी केली आणि भरपाईच्या अर्जाला सहखातेदारांचं संमतीपत्र मागितलं, तेव्हा परदेशची नेहमीची विमानं बंद होती. ती मुखत्यारपत्रं नसती तर मी कुणाच्या सह्या आणल्या असत्या?

उत्पन्न माझं, घराच्या कौलांचा आणि गणपतीचा खर्च चौघांचा, असं तोंडी ठरलंय. वहीत लिहितो, मार्चअखेर फोटो पाठवतो. न्याय्य आहे का? काही वर्षी वाटतं, काही वर्षी नाही. एका वर्षी रस्त्याकडचा सडा, म्हणजे कातळाचा माळ, विकायचा म्हणून दादाने हट्ट धरला आणि तीन महिने आमचा फोन बंद होता. त्यावर जास्त लिहीत नाही. सडा अजून आहे.

पुढे काय, हे मात्र मला विचारू नका. आमच्यामागे आठ नावं लागतील, त्यातल्या पाच जणांना देवनागरी वाचता येत नाही.

गेल्या मे महिन्यात दादाचा मुलगा आला. पहिल्यांदाच एकटा. मी पंधरा रुपये भरून डिजिटल सातबारा काढला, त्याच्या बापाचं नाव कुठे आहे ते बोटाने दाखवलं. त्याने मोबाइल धरून भाषांतर करून घेतलं आणि काळजीने माझ्याकडे बघितलं. 'पोटखराब' या शब्दाशी अडकला होता.

"काका, जमिनीचं पोट बिघडलंय?"

मी चपला घातल्या आणि त्याला सड्यावर घेऊन गेलो. काय पिकत नाही ते आधी दाखवू म्हटलं.