गणपती कोणाकडे?

आज दादाबरोबर वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात गेले होते. भांडण नव्हतं, निदान आज तरी. गणपतीत भाची कोणाकडे, एवढंच ठरवायचं होतं. दादा-वहिनी वेगळे झाले तेव्हाच्या कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी संमतीने कोर्टात लिहून दिलेल्या अटी) मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी, दिवाळी एक वर्षाआड, सगळं नीट लिहिलेलं. गणपतीचा उल्लेखच नाही! दोन वकील, दोन्ही मराठी, आणि गणपती राहतो म्हणजे कमाल आहे.

तोडगा वहिनीनेच काढला (हो, मी अजून वहिनीच म्हणते). तिच्या माहेरी गिरगावात दीड दिवसाचा, आमच्याकडे डोंबिवलीला गौरींबरोबर जाणारा. म्हणून पहिले दोन दिवस आईकडे, मग बाबांकडे. काउन्सेलर मॅडमनी विचारलं, "दप्तर आणि युनिफॉर्म कुठे असणार?" आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो.

विधी आयोगाने २०१५ सालीच २५७व्या अहवालात संयुक्त ताब्याची, म्हणजे मूल आई-बाबा दोघांच्याही ताब्यात असण्याची, शिफारस केली होती. पण कोर्टाला आजही आधार १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचा, आणि हिंदूंसाठी १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचा. त्यात मुलाचं हित सर्वांत वर, पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे. दप्तराचं कुठलाच कायदा सांगत नाही, ते आईबापांनीच बसून लिहायचं. मला तर वाटतं, अर्धी भांडणं अशा न लिहिलेल्या गोष्टींचीच असतात.

शेवटी एक ओळ वाढवली: दप्तर मुलीबरोबर फिरेल, युनिफॉर्मचा एक जोड दोन्ही घरी, आणि सुट्टीनंतर शाळेत बाबा सोडतील. दोघांनी सह्या केल्या.