मामांचे रक्त का नाकारले

नवजात बाळाची कावीळ हा बडोद्यातल्या आमच्या छोट्या बालरुग्णालयात रोजचाच विषय आहे. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळे पहिल्या आठवड्यात थोडीफार पिवळी दिसतात, कारण गर्भातल्या जादा तांबड्या पेशी जन्मानंतर मोडतात, त्यांतून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते आणि ते बाहेर टाकण्याची यकृताची तयारी अजून पुरी झालेली नसते. बहुतेकांची कावीळ आईच्या दुधावर आणि थोड्या दिवसांच्या धीरावर उतरते. हे आई-आजींना समजावून सांगण्यातच माझी कितीतरी सकाळ जाते. श्रावणातल्या एका पावसाळी सकाळी आलेल्या बाळाकडे पाहिल्यावर मात्र समजावणीची भाषा बाजूला ठेवावी लागली.

बाळ सातव्या दिवसाचे होते, मुलगा. त्याची आई लग्नानंतर पुण्याला राहते आणि पहिलटकरीण म्हणून माहेरी, दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात, बाळंतपणासाठी आली होती. प्रसूती ३८व्या आठवड्यात नैसर्गिक झालेली, जन्मवजन २.९ किलो, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका रुग्णालयातून घरी सोडताना बिलिरुबिन ९ मिलिग्रॅम. म्हणजे कागदोपत्री काळजीचे काहीच नव्हते. घरी पाचवी पुजली गेली, सटवी झाली आणि सहाव्याच्या रात्रीपासून बाळ अंगावर नीट ओढेनासे झाले. मी पाहिले तेव्हा ते उठवूनही डोळे उघडत नव्हते, रडणे बारीक होते, हातपाय सैल होते आणि तळपायांपर्यंत पिवळेपणा उतरला होता. नवजात बाळाची कावीळ चेहऱ्यावरून खाली सरकत जाते आणि तळपायांपर्यंत आली की सहसा बिलिरुबिन १५च्या वर गेलेले असते, एवढा अंदाज डोळ्यांनी घेता येतो. त्यापुढे डोळ्यांवर विसंबणे धोक्याचे असते.

रक्त तपासायला पाठवून मी आजींना लघवी-शीबद्दल विचारले. त्यांनी पिशवीतून एक लंगोट काढून पुढे केला आणि म्हणाल्या, "मॅडम, काल दुपारपासून असले डाग पडताहेत. धुतले तरी जात नाहीत." डाग तपकिरी होता. नवजात बाळाच्या साध्या काविळीत लघवीला रंग येत नाही, कारण त्या काविळीतले बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. लघवी तपकिरी झाली तर तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटत असून त्यांतले हिमोग्लोबिन मूत्रपिंडांतून गळत आहे, ही शंका घ्यावी लागते. शी पिवळीच होती, म्हणजे पित्तमार्ग बंद असण्याचा प्रश्न तूर्त नव्हता. तो लंगोट आजींनी न धुता जपून आणला होता, हे त्या दिवशीचे पहिले मोठे साहाय्य.

अहवाल आले. बिलिरुबिन २७.४, हिमोग्लोबिन ११.८. सात दिवसांच्या बाळाला ११.८ हे फार कमी आहे. या वयात ते १५च्या आसपास तरी असायला हवे. आई आणि बाळ दोघांचाही रक्तगट बी पॉझिटिव्ह, त्यामुळे गट न जुळल्याने आईच्या प्रतिपिंडांनी बाळाच्या पेशी फोडल्या असण्याची शक्यता मावळली. अशी प्रतिपिंडे बाळाच्या पेशींना चिकटली आहेत का हे पाहणारी कूम्ब्ज चाचणीही निगेटिव्ह आली. जंतुसंसर्गाची लक्षणे नव्हती. पेशी फुटत होत्या एवढे नक्की, पण कशाने फुटत होत्या हे कळत नव्हते. बिलिरुबिन चरबीत विरघळणारे असल्यामुळे एका मर्यादेपलीकडे ते मेंदूत शिरते आणि ऐकणे, हालचाल, डोळ्यांची हालचाल यांची केंद्रे कायमची निकामी करते. सुस्ती आणि ओढण्याची शक्ती जाणे ही त्याची पहिली पावले. म्हणून रक्तबदल करायचे ठरले आणि रक्त येईपर्यंत बाळाला बिलिरुबिन उतरवणाऱ्या निळ्या प्रकाशाखाली ठेवायचे.

आमच्या सिस्टरने बाळाला दिव्यांखाली उघडे करण्यासाठी गोधडी सोडली आणि ती माझ्याकडे पाहून गुजरातीत म्हणाली की, वास फार येतो आहे. मीही वाकून पाहिले. गोधडी, तिच्या आतले दुपटे, झबले आणि खणाची लाल कुंची या सगळ्यांतून डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास येत होता. घरी खोलीत सकाळ-संध्याकाळ ओव्या-शेपाची धुरी चालू असल्याने तो कोणाच्या नाकापर्यंत पोचलाच नसावा.

आजींनी सांगितलेली हकीकत आपल्या कुठल्याही घरात घडावी अशी होती. मुलीच्या लहानपणची कुंची, नऊवारी लुगड्यांची मऊ दुपटी, सासूबाईंनी हाताने शिवलेली गोधडी असे सगळे पत्र्याच्या पेटीत जपलेले होते. बडोद्याच्या पावसाळ्यात कसर आणि बुरशी लागू नये म्हणून दर वर्षी पेटीत नव्या गोळ्या टाकल्या जात. बाळ घरी आल्यावर पेटी उघडली, कपडे एकदा झटकले, पाऊस असल्याने उन्हात घालता आले नाहीत, आणि बाळाला तेलाने माखून, अंघोळ घालून, पुन्हा थोडे तेल लावून त्या दुपट्यांत गुंडाळले जाऊ लागले. त्या गोळ्यांमध्ये नॅप्थालीन असते. ते हवेत उडते, श्वासावाटे आत जाते आणि त्वचेतूनही शोषले जाते. ते चरबीत विरघळणारे असल्याने त्वचेवर तेल असेल तर शोषण आणखी वाढते. शरीरात त्याचे जे पदार्थ बनतात ते तांबड्या पेशींवर ऑक्सिडीकरणाचा मारा करतात, आणि ते पदार्थ निष्प्रभ करून बाहेर टाकण्याची नवजात यकृताची ताकद आधीच कमी असते.

तरीही माझे पुरते समाधान होत नव्हते. गोळ्या घातलेल्या पेट्या घरोघरी आहेत, आणि त्यांतली दुपटी गुंडाळलेली सगळीच बाळे २७वर जात नाहीत.

तेवढ्यात मामा आले, भिजून आणि धापा टाकत. त्यांनी फोनवर रक्त लागणार असल्याचे ऐकले होते. "माझाही बी पॉझिटिव्हच आहे, मॅडम. माझे घ्या, कितीही घ्या," असे म्हणत त्यांनी बाही वर केलीसुद्धा. थेट नातेवाइकाचे रक्त चढवणे आम्ही एरवीही टाळतो, पण त्या क्षणी माझ्या मनात दुसराच प्रश्न होता. मी त्यांना विचारले, तुम्हाला कधी कोणत्या औषधाने कावीळ झाली आहे का? ते थांबले. मग म्हणाले, "कॉलेजात असताना मलेरिया झाला होता. ताप उतरल्यावर चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे झाले. मी घाबरून गोळ्या बंद केल्या. मग आपोआप बरा झालो." आजींनी त्यात भर घातली की हा मुलगा जन्मल्यावरही खूप दिवस पिवळा राहिला होता आणि तेव्हाही हीच गोधडी होती.

मलेरियाच्या त्या चौदा दिवसांच्या गोळ्या म्हणजे प्रायमाक्विन. १९५६ मध्ये अमेरिकी संशोधकांनी याच औषधाने काही लोकांच्या पेशी का फुटतात याचा माग काढताना ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज, म्हणजेच जी-६-पीडी, या विकराची (एन्झाइमची) कमतरता शोधून काढली. हा विकर तांबड्या पेशीला ऑक्सिडीकरणापासून वाचवतो. तो कमी असेल तर माणूस एरवी ठणठणीत असतो, पण प्रायमाक्विन, डॅप्सोन, नॅप्थालीन यांच्यासारखा मारा झाला की पेशी फुटू लागतात. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुख्यतः मुलग्यांना होतो आणि तो आईकडून येतो. आजीकडून मामाला, आजीकडून आईला आणि आईकडून बाळाला, असा सरळ धागा समोर उभा राहिला. मामांचे रक्त घेतले असते तर ज्या पेशी फुटत होत्या तशाच पेशी बाळात पुन्हा भरल्या असत्या. हे त्यांना समजावताना त्यांचा चेहरा पडला. भाच्यासाठी धावून आलेल्या माणसाला "तुमचे नको" म्हणणे जड जाते, पण खरे तर रक्ताहून मोलाचे असे ते देऊन बसले होते.

रक्तपेढीने निवडलेल्या पिशवीची जी-६-पीडीची झटपट चाचणी करून मगच ती पाठवली, याबद्दल तिथल्या तंत्रज्ञांचे मला आजही कौतुक वाटते. पावसात अडलेल्या रस्त्यांतून ती वेळेत पोचली. पहिला थेंब आत जाण्यापूर्वी मी बाळाच्या रक्ताचा नमुना जी-६-पीडीसाठी बाजूला काढला. रक्तबदलानंतर बाळाच्या अंगात दात्याच्या पेशी असतात, मग ती चाचणी दात्याची होते; घाईत हा नमुना राहून गेला तर निदान कित्येक आठवडे लांबते.

सातव्या दिवशी नाळ वाळलेली होती, पण पडली नव्हती. ती ओलावून, वरचा भाग कापून तिच्या शिरेतून नळी घातली. दर किलोमागे १६० मिलिलिटर या हिशेबाने सुमारे ४६० मिलिलिटर रक्त बदलायचे होते: एका वेळी १० ते १५ मिलिलिटर बाळाचे काढायचे, तेवढेच दात्याचे, शरीराच्या उष्णतेइतके कोमट केलेले, आत सोडायचे, आणि हे संथपणे चालू ठेवायचे. सिस्टर प्रत्येक फेरी मोठ्याने मोजत होती आणि फळ्यावर लिहीत होती. साठवलेले रक्त गोठू नये म्हणून त्यात घातलेल्या सायट्रेटमुळे बाळाचे कॅल्शियम उतरते, साखरही खालीवर होते, म्हणून एक डोळा हृदयाच्या आलेखावर ठेवावा लागतो. या कामात कौशल्याहून जास्त काही लागत असेल तर ते कंटाळा न करणे. सुमारे दोन तासांनी नळीतून येणाऱ्या रक्ताचा पिवळट झाक असलेला रंग बदलला. नंतरचे बिलिरुबिन १३.१ आले, सहा तासांनी ते अपेक्षेप्रमाणे उसळून १७ झाले, कारण ऊतींत साठलेले द्रव्य रक्तात परत येते, मग निळ्या प्रकाशाखाली ते हळूहळू उतरत गेले.

मधल्या वेळात बाहेर एका नातेवाइकाने विचारले की कोवळ्या उन्हात धरले असते तर हे टळले नसते का. प्रश्न भाबडा नव्हता. १९५६ मध्येच, इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात, बाळांना अंगणात उन्हात नेणाऱ्या सिस्टर वॉर्ड यांच्या लक्षात आले होते की ऊन लागलेली त्वचा पांढुरकी पडते आणि झाकलेली पिवळीच राहते. त्यावरून १९५८ मध्ये प्रकाशोपचाराचा पहिला शोधनिबंध आला. पण आपल्याकडे बाळ कपड्यांत गुंडाळून, काचेमागे, पाच-दहा मिनिटे धरले जाते, आणि २७च्या काविळीला ते पुरत नाही. श्रावणात तर ऊनच नव्हते.

दुसरे कोणीतरी "आजीच्या जुन्या कपड्यांच्या हट्टापायी" असे म्हणाल्याचे माझ्या कानावर आले, तेव्हा मी सगळ्यांना एकत्र बसवले. जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड बाळाच्या त्वचेला नव्या कपड्याहून चांगलेच असते. दोष गोळ्यांचा होता, आणि त्याहून मोठा वाटा अशा एका जनुकाचा होता जे कोणी मागून घेतलेले नसते. आजी रडत नव्हत्या, त्यांनी फक्त विचारले, "ते सगळे धुऊन चालेल का?" मी म्हटले की नॅप्थालीन उडून जायला पुष्कळ धुलाई आणि मोकळी हवा लागते, आणि या बाळासाठी तरी ते कपडे वापरूच नका. गोळ्यांऐवजी कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवता येतो, पण बाळाचे कपडे पेटीतून काढल्यावर धुऊनच घालायचे, हे मी तेव्हापासून प्रत्येक बाळंतिणीला घरी सोडताना सांगते, तिने विचारलेले नसले तरी.

बाजूला काढलेल्या नमुन्यात विकर कमी आला. पेशी फुटत असताना जुन्या, कमकुवत पेशी आधी जातात आणि नव्या पेशींत विकर जास्त असतो, म्हणून त्या काळातली चाचणी कधीकधी खोटा दिलासा देते; इथे तेव्हाही तो कमीच होता आणि तीन महिन्यांनी, दात्याच्या पेशी बऱ्याच ओसरल्यावर, पुन्हा तपासला तेव्हाही कमीच निघाला. त्याच भेटीत श्रवणाची बेरा चाचणी झाली आणि ती व्यवस्थित आली. आईने विचारले की अंगावर पाजणे चालू ठेवू का. अर्थातच ठेवायचे, फक्त तिनेही निषिद्ध औषधे टाळायची, कारण ती दुधातून उतरू शकतात. लांबलेल्या बारशाला बाळाच्या हातांना मेंदी लावायची नाही, हेही सांगितले. मेंदीतल्या रंगद्रव्याने अशा बाळांच्या पेशी फुटल्याच्या नोंदी आहेत. बाळाच्या फाइलला आणि मामांच्या पाकिटात एकेक कार्ड गेले, ज्यावर टाळायची औषधे मराठीत आणि गुजरातीत लिहिली आहेत. मामांची चाचणीही कमीच आली होती.

बाळाची मावशी इंदूरला असते आणि तिला तेव्हा सातवा महिना लागला होता. तिच्यातही हे जनुक असण्याची शक्यता निम्मी. तिच्या डॉक्टरांसाठी मी एक पत्र लिहून दिले: मुलगा असो वा मुलगी, प्रसूतीच्या वेळी नाळेतले रक्त जी-६-पीडीसाठी पाठवावे, पहिल्या आठवड्यात बिलिरुबिन लवकर आणि पुन्हा तपासावे, आणि रक्त लागल्यास मामांचे घेऊ नये.