सही का केली, याबद्दल

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. खरं तर या विषयावर गप्प बसायचं ठरवलं होतं. पण वेताळ टेकडीवर फिरायला गेलं तरी तोच प्रश्न, लग्नाच्या पंगतीत तोच प्रश्न, आणि मध्यंतरी तर दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं. "मॅडम, तुम्हाला पटलं नव्हतं ना? मग त्या पूररेषेच्या अहवालावर सही कशाला केलीत? सरळ राजीनामा द्यायचा!"

काही जण काळजीनं विचारतात. काहींच्या सुरात 'सही करून मोकळ्या झालात, आता व्याख्यानं देत फिरताय' असं असतं. दोघांनाही उत्तर एकच आहे आणि ते दोन वाक्यांत बसत नाही.

पुण्याजवळच्या एका नदीच्या काही किलोमीटरच्या पट्ट्यात पूररेषा नव्यानं आखायच्या होत्या, त्यासाठी समिती नेमली होती. मी जलविज्ञान शिकवून निवृत्त झालेली, बाहेरची तज्ज्ञ म्हणून घेतलेली. नदीचं आणि खात्याचं नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना आहेच.

निळी रेषा, लाल रेषा हे शब्द पुणेकरांना आता समजावून सांगावे लागत नाहीत. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हापासून रिक्षावालेही ते बोलतात. तरी एक घोळ कायम आहे. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची (लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची), म्हणून लोकांना वाटतं की एकदा पूर येऊन गेला की पुढची पंचवीस वर्षं निवांत. तसं नसतं. दर वर्षी शक्यता ४ टक्के, काल पूर आला असला तरी आणि नसला तरी. वीस वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत त्या रेषेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता ५६ टक्के निघते. येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त, म्हणून रेषेच्या आत बांधकामाला बंदी. आणि म्हणूनच ती रेषा नदीकडे सरकावी यासाठी इतकी धडपड.

रेषा सरकते कशी, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. लोकांना वाटतं कुणीतरी पेन्सिल घेऊन खोडतं. खोडावं लागत नाही. नदीत किती पाणी येणार हे एकदा ठरलं, की ते किती उंच चढणार हे पात्राच्या आकारावर, उतारावर आणि खडबडीतपणावर ठरतं. या खडबडीतपणाचा एक आकडा असतो, मॅनिंगचा 'एन'. स्वच्छ, सरळ पात्राला तो ०.०३ च्या आसपास धरतात. झाडंझुडपं, वळणं, राडारोडा असला की ०.०४५, ०.०५, कधी त्याहूनही जास्त. एन वाढला की पाणी रेंगाळतं आणि पातळी चढते. आमच्या पट्ट्यात ०.०४५ च्या जागी ०.०३ घातला की पंचवीस वर्षांच्या पुराची पातळी साधारण सव्वा मीटरनं खाली यायची. काठ सपाट असला तर सव्वा मीटर उंची म्हणजे साठ-सत्तर मीटर रुंदीची जमीन. तिथला भाव तुम्हीच बघा.

हा एन पट्टी लावून मोजता येत नाही. तक्ते असतात, नदी डोळ्यांनी बघावी लागते, आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे जुन्या पुराच्या खुणांशी ताडून बघावं लागतं. आम्ही ते केलं होतं. खात्यातला एक तरुण कनिष्ठ अभियंता आणि मी काठानं चाललो. बाभळींच्या फांद्यांना डोक्याच्याही वर प्लॅस्टिकच्या पिशव्या लटकत होत्या. एका मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर ऑगस्ट २०१९ च्या पुराच्या गाळाची रेघ होती आणि कुणीतरी तिच्याशेजारी ऑइलपेंटनं तारीख लिहून ठेवली होती. अक्षर वाकडं, तारीख बरोबर. पोरानं लेव्हल लावून ती उंची घेतली. त्या दिवशीचा विसर्ग नोंदलेला होताच. ०.०४५ धरला तर हेक-रास या पुराचा हिशेब करणाऱ्या संगणक प्रणालीतलं पाणी त्या रेघेच्या वीतभर आतबाहेर यायचं. सल्लागार कंपनीनं ०.०३ धरला होता आणि त्यांचं पाणी रेघेच्या मीटरभर खालीच थांबत होतं. म्हणजे त्यांच्या प्रतिमानात मारुती कोरडा. मला वाटलं, विषय संपला.

मग ती बैठक झाली. टेबलभर नकाशा पसरला होता. पंख्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले होते. नदीपेक्षा गट नंबर जास्त ठळक छापले होते. 'विशेष निमंत्रित' म्हणून एक लोकप्रतिनिधी आले होते. माणूस अतिशय सभ्य, आवाज एकदाही चढला नाही. म्हणाले, "मॅडम, तुमच्या शास्त्रात आम्ही ढवळाढवळ करणार नाही. आपला तो विषयही नाही. फक्त एक विचारतो, ही नदी आपण सुधारणार आहोत की नाही?"

अध्यक्ष म्हणाले, "सुधारणार तर. प्रस्ताव गेलाय."

"मग सुधारलेल्या नदीचा आकडा घ्या ना. घाणेरड्या नदीचा कशाला घेता?"

आजही कबूल करते, पहिल्यांदा ऐकताना मला त्या वाक्यात काय चुकलंय ते क्षणभर सापडेना. इतकं ते गुळगुळीत होतं. मग मी म्हटलं, पूर येईल तो आजच्या नदीला येईल, प्रस्तावातल्या नदीला नाही. अध्यक्ष म्हणाले, "मुद्दा नोंदवून घेऊ." मी देवळावरच्या रेघेचा विषय काढला. ते म्हणाले, २०१९ चा पाऊस अपवादात्मक होता, अपवादावर नियम कसा बसवायचा? मी सांगितलं, पाऊस अपवादात्मक असेल नाहीतर दरवर्षीचा असेल, त्याचा इथे संबंध नाही. एवढं पाणी आलं तर ते कुठवर चढतं, इतकंच ती रेघ सांगते. ते किती वर्षांनी येतं हा निराळा हिशेब, आणि तो आपण आधीच केलाय. यावर कुणीच काही बोललं नाही. तेवढ्यात बटाटेवडे आले.

वडे खाऊन झाल्यावर अध्यक्षांनी त्या पोराला विचारलं, "देवळाची लेव्हल नक्की आहे ना? बेंचमार्क तपासला होता?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग नकाशाकडे. "सर, परत एकदा तपासावी लागेल." बेंचमार्क, म्हणजे उंची मोजायचा पक्का संदर्भबिंदू, त्यानं माझ्यासमोर दोनदा तपासला होता. पण दिवस बदल्यांचे होते आणि मी त्याला दोष देत नाही. इतिवृत्तात वाक्य आलं : 'स्थानिक पूरखुणेची पडताळणी प्रलंबित.' ती आजही प्रलंबित आहे. ०.०३ राहिला.

आता सांगा, राजीनामा कशाच्या विरोधात द्यायचा? मला खोटं लिहा असं कुणी म्हणालं नाही. दमदाटी नाही, पाकीट नाही, वरून फोन नाही. आकडा पाठ्यपुस्तकातला, फक्त दुसऱ्या नदीचा. 'शास्त्रात राजकीय हस्तक्षेप' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातला मंत्री येतो. माझ्या वाट्याला वडा पुढे करणारे गृहस्थ आले.

दिलेले राजीनामे मला माहीत आहेत, ती उदाहरणं मला पाठवू नका. जानेवारी २०१९ मध्ये पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी राष्ट्रीय सांख्यिकी आयोगातून बाहेर पडले. आयोगानं मान्य केलेला बेरोजगारीचा अहवाल सरकार बाहेर येऊ देत नव्हतं. अहवाल फुटला, चर्चा झाली, आणि ६.१ टक्क्यांचा तो आकडा अधिकृतपणे जाहीर झाला तो लोकसभेची निवडणूक उरकल्यावर, मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी. त्या दोघांबद्दल मला आदरच आहे. पण त्यांच्याकडे दाखवायला एक तयार, अडवलेला कागद होता. उत्तराखंडातल्या जोशीमठचंही तसंच. जानेवारी २०२३ मध्ये इस्रोच्या केंद्रानं उपग्रहाच्या आधारे सांगितलं की बारा दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खचली. लगोलग संस्थांना आदेश गेला की परस्पर माहिती देऊ नका, आणि तो अहवाल संकेतस्थळावरून उतरवला गेला. तिथे निदान बोट ठेवायला जागा आहे. माझ्याकडे होता दशांश चिन्हानंतरचा दुसरा-तिसरा अंक.

इथे माझं माझ्याशीच भांडण आहे. २०१२ ची मी या आजच्या बाईला उभी करणार नाही. त्या वेळी आपल्याच पुण्याचे माधव गाडगीळ अध्यक्ष असलेल्या समितीचा पश्चिम घाटाचा अहवाल केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं दाबून ठेवला होता. ऑगस्ट २०११ मध्ये सादर झालेला तो अहवाल माहिती अधिकारात मागितला गेला, केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधींनी तो खुला करा म्हणून आदेश दिला, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, हरलं, आणि मे २०१२ मध्ये अहवाल लोकांपुढे आला. मी तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवलं होतं की झालं, जिंकलो, कागद बाहेर आला की कुणाला काही लपवता येत नाही. एक ज्येष्ठ सहकारी अशाच एका समितीत टिकून राहिले होते. त्यांना मी कणा नसलेले म्हटलं होतं, तेही तोंडावर.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. अहवाल खुला झाल्यावर काही महिन्यांतच कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला. गाडगीळांनी सगळाच घाट संवेदनशील मानून तीन श्रेणी केल्या होत्या; या गटानं साधारण ३७ टक्के भाग घेतला. मग संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुद्यावर मसुदे. ३० जुलै २०१४ ला आपल्याच जिल्ह्यात दरडीखाली माळीण गाव गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ ला केरळात वायनाड, तिथेही दरडच. दुसऱ्या दिवशी अधिसूचनेचा मसुदा पुन्हा निघाला. सहावा. अहवाल मात्र या सगळ्या काळात संकेतस्थळावर उपलब्ध होता, कुणीही उतरवून घ्यावा. कागद बाहेर आला की संपलं म्हणणाऱ्या त्या बाईला मी हे दाखवते. ती म्हणते, म्हणून आत बसून वडे खायचे का? यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण तिच्याकडेही नाही.

सही का केली, तर भिन्नमतपत्रिका जोडता यावी म्हणून. राजीनामा दिलेल्या सदस्याचं मत अहवालात येत नाही. सही केलेल्याचं परिशिष्ट म्हणून येतं. मी दोन पानं लिहिली, देवळाचा फोटो लावला, आणि एकाच नकाशावर दोन्ही रेषा काढून दिल्या : समितीची निळी रेषा निळ्या शाईत आणि ०.०४५ नं येणारी निळी रेषा लाल शाईत. मधली पट्टी कुणालाही दिसावी, शाळेतल्या पोरालाही. अध्यक्षांनी एका शब्दानं विरोध केला नाही. परिशिष्ट जोडलं गेलं.

अहवालाची प्रत हातात आली ती काळीपांढरी झेरॉक्स. दोन्ही रेषा काळ्या. कुठली माझी, कुठली त्यांची, मलाही भिंग घेऊन बघावं लागलं. देवळाच्या फोटोच्या जागी एक काळा चौकोन, खाली स्वच्छ अक्षरांत 'छायाचित्र क्र. १'.

हे मुद्दाम केलं का? लोक हसतात आणि म्हणतात, अर्थातच. मला इतकी खात्री नाही. मी सरकारी कार्यालयांत पुष्कळ वावरले आहे. तिथे रंगीत काडतूस संपलेलं असतं, मागणीपत्र कुठेतरी अडकलेलं असतं, आणि प्रती आजच लागणार असतात. डाव आणि आळस यांतला फरक बाहेरून ओळखता येत नाही, आणि ज्यांना ढवळाढवळ करायची नसते त्यांची हीच तर सोय आहे. मूळ रंगीत प्रत फाइलमध्ये आहे. माहिती अधिकारात मागा, मिळेल.

तेवढ्यासाठी सही केली असं म्हणालात तर हो, तेवढ्यासाठी. उद्या त्या पट्ट्यात पाणी शिरलं आणि कोर्टात कुणी विचारलं की तुम्हाला आधी सांगितलं नव्हतं का, तर फाइलमध्ये तारखेसह कागद आहे. पाणी शिरलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग, असं तुम्ही विचाराल. कदाचित काहीच नाही. पण माझ्या जागी दुसऱ्या आठवड्यात जो कुणी येऊन बसला असता, त्यानं हा कागदही ठेवला नसता. आणि हे वाक्य प्रत्येक टिकून राहिलेला माणूस स्वतःला ऐकवतो, हेही मला ठाऊक आहे. ते ज्येष्ठ सहकारीही हेच म्हणाले होते.

आता त्याच पट्ट्याच्या फेरपडताळणीसाठी पुन्हा नाव देऊ का, अशी विचारणा झाली आहे. मी एक अट लेखी कळवली आहे. एन आधी ठरवायचा, पुराच्या खुणांशी ताडून, सगळ्यांच्या सह्यांनी, आणि गट नंबरांचा नकाशा त्यानंतरच टेबलावर उघडायचा. अट मानली तर जाईन. नाही मानली तरीही कदाचित जाईन, आणि मग तुम्ही पुन्हा विचाराल. विचारा. पण या वेळी माझ्या परिशिष्टाच्या रंगीत प्रती मी लक्ष्मी रस्त्यावरून स्वतःच्या पैशानं काढून नेणार आहे.