पीएलएची स्फटिकता अचानक वाढली? आधी एमएफआय काढा

पावसाळ्यात वसई-भिवंडीच्या गाळ्यांमध्ये पीएलए-पीबॅट ब्लेंड (दोन जैवविघटनशील प्लास्टिकांचं मिश्रण) चालवताना डीएससीत (नमुना तापवताना किती उष्णता घेतो-सोडतो हे मोजणाऱ्या चाचणीत) स्फटिकता, म्हणजे रेणूंच्या साखळ्या शिस्तीत रचल्याचं प्रमाण, वाढलेली दिसली, तर लगेच खूश होऊ नका. बऱ्याचदा ती साखळ्या तुटल्याची खूण असते.

लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यांना रांगेत बसायला वेळ लागतो. आखूड झाल्या की गुंता सुटतो आणि स्फटिक भराभर वाढतात. पण दोन स्फटिकांना बांधून ठेवणाऱ्या लांब साखळ्याही कमी होतात. म्हणून माल वाकवला की कट्कन तुटतो.

साखळी तोडणारं असतं पाणी. वितळलेल्या पीएलएत, 190-200 अंशांना, एस्टर बंध ओलाव्याने पटापट तुटतात. दाणा डेसिकंट ड्रायरमध्ये 80 अंशांवर किमान चार तास ठेवा, ओलावा 250 पीपीएमच्या खाली आणा. साधा हॉट-एअर ड्रायर जुलैत बाहेरचीच दमट हवा तापवून आत सोडतो, त्याचा भरवसा नको. रीग्राइंड (दळून परत वापरायचा टाकाऊ माल) अस्फटिकी असेल तर 80 अंशांवर त्याचे गोळे होऊन हॉपर तुंबतो. ते 45-50 अंशांवर, जास्त वेळ.

खात्री करायला एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स: वितळलेला माल ठरलेल्या वजनाखाली किती वाहतो; जास्त म्हणजे पातळ) पुरतो. दाण्याचा आणि तयार मालाचा, दोन्ही सुकवून, एकाच तापमानाला आणि वजनाला काढा. चिकटपणा रेणुभाराच्या (म्हणजे साखळ्यांच्या लांबीच्या) साधारण 3.4 व्या घातात बदलतो, म्हणजे शुद्ध पीएलएत एमएफआय दुप्पट झाला तर रेणुभार सुमारे 18 टक्क्यांनी घटलाय. ब्लेंडमध्ये हा आकडा अंदाजापुरताच.

डीएससीचा आकडाही नीट वाचा. पीबॅट 110-120 अंशांच्या आसपास वितळतं आणि नेमकं तिथेच पीएलएचं कोल्ड क्रिस्टलायझेशन (चाचणीत तापवतानाच होणारं स्फटिकीकरण) चालू असतं. एक उष्णता घेतं, दुसरं सोडतं. दोन्ही शिखरं एकमेकांना खातात आणि स्फटिकता आहे त्याहून जास्त दिसते. नुसत्या पीबॅटचा रन वेगळा काढून त्याचा वाटा वजा करा. मग 70/30 ब्लेंडमध्ये वितळण्याचे 28 आणि कोल्डचे 15 ज्यूल प्रति ग्रॅम आले, तर फरकाच्या 13 ला 0.7 (पीएलएचा वाटा) गुणिले 93 (पूर्ण स्फटिकी पीएलएची वितळण्याची उष्णता) ने भागा: 20 टक्के. 0.7 ने भागायचं राहिलं तर 14 च येतील.

स्फटिकता खरोखरच हवी असेल तर साखळी शाबूत ठेवून एक टक्का टाल्क घाला, साचा 100-110 अंशांवर ठेवा. डी-लॅक्टाइड (पीएलएच्या घटकाचं उलट ठेवणीचं रूप, जे रचना बिघडवतं) 10-12 टक्क्यांच्या वर असलेला ग्रेड मात्र टाल्कनेही स्फटिकत नाही. एपॉक्सी चेन एक्स्टेंडर (तुटलेल्या साखळ्या जोडणारं रसायन) 0.3-0.5 टक्के घातला की रेणुभार सावरतो, पण फांद्या फुटल्याने स्फटिकांची वाढ सहसा मंदावते. सायकल टाइम वाढला तर नवल नको.