तुम्ही विचारलंत म्हणून: मोर्चातून खुर्चीत का?

"ताई, तुम्ही आमच्याकडून भांडणाऱ्या. मग लोकपाल होऊन निकाल देत बसायची काय गरज होती?"

हे मला तेरवीच्या पंगतीत विचारतात, बसस्टँडवर विचारतात, तहसीलच्या झाडाखाली भेटलेले जुने सोबती तर हमखास विचारतात. तरुण पोरांचा सूर वेगळा असतो. त्यांना रोजगार हमीच्या तक्रारी ऐकून निकाल देणारा लोकपाल कसा होतो, हे हवं असतं. दोघांनाही तुकड्यातुकड्यानं उत्तरं देऊन मी थकले आहे. आता एकदाच सगळं लिहिते.

पोरांनो, तुमचं उत्तर लहान आहे. मी अर्ज केला तेव्हा प्रशासन, कायदा, शिक्षण, समाजकार्य अशा क्षेत्रातला किमान १० वर्षांचा अनुभव मागत होते. राजकीय पक्षाचा सदस्य चालत नव्हता. मुदत २ वर्षांची, पुढे वाढू शकणारी. पगार नाही, बैठकीमागे मानधन. माझ्याकडे वकिलीची सनद होती आणि शेतमजुरांच्या संघटनेत घालवलेली वर्षं होती. अर्ज केला, मुलाखत झाली, निवड झाली. मानधनासाठी गेले असं म्हणणाऱ्यांनी तालुका कोर्टातल्या वकिलाची मिळकत आणि हे मानधन शेजारी मांडून बघावं. या विषयावर मी यापुढे बोलणार नाही.

सोबत्यांचं उत्तर मात्र लांब आहे.

२ फेब्रुवारी २००६ ला केंद्राची रोजगार हमी देशातल्या पहिल्या २०० जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला जिल्हा होता. महाराष्ट्राला हमी नवी नव्हती. वि. स. पागेंनी ती मांडली आणि १९७७ साली राज्यानं तिचा कायदा केला. केंद्राच्या २००५ च्या कायद्याचं कलम ७ आपण गावोगाव वाचून दाखवलं. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम नाही मिळालं, तर बेरोजगार भत्ता. आर्थिक वर्षातले पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव, पुढे किमान निम्मा. मोर्चात ही घोषणा सगळ्यात जोरात उठायची. आणि भत्ता किती जणींच्या हातात पडला? तुम्हीच आठवून बघा.

काहून पडला नाही, हे मला मोर्चात नीट दिसत नव्हतं. निवेदन तहसीलदारांना द्यायचं, आणि आपल्या राज्यात तालुक्यात हमी राबवणारे कार्यक्रम अधिकारी तेच. वेळेवर काम न देणारी यंत्रणा ज्यांच्या हाताखाली, भत्ता मंजूर करायचा तोही त्यांनीच. शिवाय तेव्हा मजुरीचा पैसा केंद्राचा होता, पण भत्त्याचा भार राज्याच्या तिजोरीवर. त्यामुळे भत्ता निघूच नये असं वरपासून खालपर्यंत सगळ्यांना वाटायचं. तो न निघण्याची वाटही सोपी होती. बाई नमुना ४, म्हणजे काम मागणीचा अर्ज, भरून देते किंवा तोंडी काम मागते. ग्रामरोजगार सेवक कागद ठेवून घेतो, तारखेची पोच देत नाही. काम मंजूर होऊन मस्टर, म्हणजे हजेरीपट, निघायची वेळ आली की तेव्हाची तारीख टाकून मागणी संगणकात चढते. संगणक म्हणतो, मागणी झाली आणि लगेच काम मिळालं. मधले दोन महिने कुठंच दिसत नाहीत. मागणीच नाही, तर भत्ता कशाचा?

त्या तारखेला हात घालायचा, तर पंचायतीचं दप्तर उघडायला लावण्याचा अधिकार हवा. लोकपालाला तो होता. तहसीलच्या बाहेरचा माणूस, प्रत्यक्ष जाऊन पाहणी करू शकणारा, पुराव्याच्या कायद्यानं न बांधलेला. म्हणून मी गेले. आपल्या बायांच्या विरोधात निकाल द्यायला गेले नव्हते. पण तसाही एक दिला, आणि तुमचा खरा प्रश्न त्याच निकालाचा आहे, हे मला ठाऊक आहे.

वैनगंगेकाठचं धानाचं गाव. जानेवारी २०२३. चुरणे, म्हणजे धानाची मळणी, आटोपले होते, हाताला काम नव्हतं. गावालगतच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचा गाळ काढायचं काम आराखड्यात होतं. बारा बायांनी २ जानेवारीला नमुना ४ भरून दिले, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काम मागितलं. पोच मिळाली नाही. पण त्यातल्या एकीच्या बारावीतल्या पोरीनं अर्ज देण्याआधी ते टेबलावर पसरून मोबाइलवर फोटो काढला आणि त्याच दुपारी बचत गटाच्या ग्रुपवर टाकला. नावं वाचता येत होती. पंधरा दिवस वाट पाहून त्या बाराही जणी मिरची तोडायला तेलंगणात गेल्या. परतल्यावर मार्चअखेर माझ्याकडे तक्रार आली. तक्रारीवर तेरा अंगठे-सह्या होत्या.

तेरावी तेलंगणात गेली नव्हती. नवरा वारलेला, घरी अंथरुणाला खिळलेली सासू. गावात राहून कामाची वाट पाहणारी ती एकटीच. तिनं काम तोंडी मागितलं होतं. तोंडी मागणी चालत होती, ती लिहून घेणं पंचायतीचं काम होतं. लिहून घेतलेली नव्हती.

सुनावणी मी गावातच घेतली, एप्रिलमध्ये. बाया पहाटे मोह वेचून आल्या होत्या. पंचायतीचं म्हणणं असं की मजूर गावातच नव्हते, मग भत्ता कसला? कायद्यात भत्ता कधी थांबतो याची कारणं मोजून दिली होती. कामावर हजर व्हा असं कळवलं, मुदत संपूनही कुणी आलं नाही, १०० दिवस भरले, अशी. काम मिळालं नाही म्हणून पोटासाठी बाहेर गेली, हे कारण त्यात नव्हतं. कामावर या असा कागद एकीलाही दिलेला नव्हता. बारा जणींचा हक्क मला स्वच्छ दिसला. त्या वर्षी मजुरी २५६ रुपये होती. पाव म्हणजे ६४. १८ जानेवारीपासून ३० दिवसांचे प्रत्येकीला १,९२० रुपये.

मग तिची पाळी आली. सेवक म्हणाला, "मावशी आल्या होत्या, पण कधी ते ध्यानात नाही." त्याचा चेहरा मी बघत होते. सेवकाचं मानधन तेव्हा मनुष्यदिवसांवर, म्हणजे गावात मजुरांचे किती दिवस भरले त्यावर, ठरायचं. भत्त्याची वसुली आपल्याच खिशातून होईल, हे भय त्याला होतं. शेजारीण म्हणाली, संक्रांतीच्या आधी मागितलं. अंगणवाडीतली मदतनीस म्हणाली, सासूला दवाखान्यातून आणल्यावर, म्हणजे जानेवारी सरता सरता. आवक नोंदवहीत त्या महिन्याचं पानच कोरं होतं.

तेव्हा बारांमधली एक वयस्क बाई उठली. म्हणाली, "हे बी आमच्यासंगंच होती त्या दिवशी. लिहा तुमी, आमी समद्या सांगतो." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी लिहायला पेन टेकवला होता. आणि ती तेरावी बोलली, "नाही बाई. त्या दिवशी मी सासूले घेऊन दवाखान्यात होती. खोटं कशाले सांगू? मी मंग गेली होती पंचायतीत. कवा ते माह्या ध्यानात नाही."

सगळ्या गप्प झाल्या. कुणी तिला कोपरानं ढोसलंही. मी तिला पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. बाजार कोणता होता, चंद्र कसा होता, सासूची चिठ्ठी आहे का. चिठ्ठी सापडली नाही. ती प्रत्येक वेळी तेच म्हणत राहिली.

मी तिचा दावा फेटाळला. बारा मान्य, एक अमान्य. पोच न दिल्याचा ठपका ठेवला, कारवाईची शिफारस केली, नोंदवही रोज लिहिण्याचा आदेश दिला. तिथंच तिची नवी मागणी लिहून घ्यायला लावली, तारीख टाकून, पोच तिच्या हातात देऊन. पण ज्या मिरचीवर गेल्या त्यांना भत्ता, आणि जी गावात उपाशी थांबली तिला काही नाही, असा निकाल माझ्या सहीनं निघाला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सोबत्यांनो, तुम्ही ज्या तोंडानं मला हे ऐकवता, त्या तोंडानं त्या रात्री मी स्वतःला ऐकवत होते.

तुमच्यातला एकजण म्हणतो, "पुराव्याचा कायदा तुला बांधत नव्हता ना? मग तारीख तू ठरवायची." संघटनेत असताना मीही हेच म्हटलं असतं. म्हटलंही आहे. पावती न देणाऱ्यानं पावती मागावी आणि आपण ती मान्य करावी, याला न्याय म्हणू नका, असं मी तहसीलच्या पायरीवर उभी राहून बोलले आहे, आणि ते वाक्य मला आजही खरं वाटतं. दप्तर पंचायतीचं, कोरं पान पंचायतीचं, मग शंकेचा फायदा बाईला का नाही?

माझं म्हणणं ऐका. तिनं काम मागितलं, यावर मी विश्वास ठेवला. निकालात तसं लिहिलंही. पण १५ दिवस मोजायला सुरुवात कुठून करू? संक्रांतीच्या आधीची तारीख घेतली तर तिला बरीचशी रक्कम. जानेवारी सरतानाची घेतली तर त्यातली थोडीच. यातली एक तारीख मी मनानं निवडली असती, तर वरच्या अपिलात पंचायतीनं तेवढं एकच टोक धरून बाराही जणींचा निकाल ओढला असता. हा अंदाज आहे. माझ्या डोक्यात तो होता, हे मी लपवत नाही. बारा जणींचं वाचवायला एकीचं सोडलं असं कुणी म्हटलं, तर मला ते पूर्णपणे नाकारता येत नाही. आणि दुसरी गोष्ट. आज माझ्या मनाला येईल ती तारीख मी बाईच्या बाजूनं लिहिली, तर उद्या या खुर्चीत येणारा त्याच मोकळीकीनं तिच्या विरोधात लिहील. तेव्हा आपण कोणत्या आधारावर भांडणार?

यावर तो म्हणतो, "विरोधात तर ते असेही लिहितातच." आणि इथं माझ्याकडचं उत्तर संपतं.

बारा जणींचे पैसे माझी मुदत संपेपर्यंत जमा झाले नव्हते. पुढे कधीतरी झाले, असं त्यातल्या एकीनं सांगितलं. तेरावीच्या नव्या मागणीवर मे महिन्यात रोपवाटिकेचं काम निघालं. तेंदूपत्ता सोडून ती त्यावर गेली, कारण रोपवाटिका घराजवळ होती आणि दुपारी सासूला बघून येता यायचं. ती मला भेटली की बोलते, घरी या म्हणते. तिनं मला कधीच हा प्रश्न विचारलेला नाही. विचारता तुम्ही, आणि तुमचा तो अधिकार मला मान्य आहे. त्या तारखेसाठी दुसरा एखादा मार्ग होता असं तुम्हाला वाटत असेल, तर तो मला सांगा. दवाखान्यातल्या केसपेपरच्या नोंदी मागवाव्यात, हे एका वकील मित्राला नंतर सुचलं. ३० दिवसांत निकाल द्यायचा होता, त्या मुदतीत त्या नोंदी हाती आल्या असत्या का, यावर त्याचं नि माझं अजून जुळलेलं नाही.