चौकशी बंद; कारण: ग्राहक प्रतिसाद देत नाही

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दालबाजाराजवळ आमची औषधवितरणाची पेढी आहे आणि तिथले हिशेब व खरेदी ही दोन्ही कामे गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहेत. शीतकपाटापासून सुतळीपर्यंत सर्व काही मी दरपत्रक मागवूनच घेतले आहे, आणि विकणाऱ्याने भावच सांगू नये असा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. तो पेढीसाठी मोटार घेताना आला.

जुनी गाडी डिसेंबरात दुरुस्तीपलीकडे गेली. आमचे मालक, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, ते एवढेच म्हणाले, "मेळा लागतोच आहे, तुम्ही भाव काढून ठेवा." माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केलेल्या ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात गाडी घेतली, तर अलीकडच्या बऱ्याच वर्षांत आजीवन वाहनकरात (रोड टॅक्स) ५० टक्के सूट मिळत आली आहे, मात्र विक्री मेळ्यातूनच व्हावी आणि नोंदणी ग्वाल्हेरच्याच परिवहन कार्यालयात व्हावी, अशी अट असते. गोम अशी की या सुटीचा सरकारी आदेश दर वर्षी नव्याने निघावा लागतो. तो निघेपर्यंत गिऱ्हाईक थांबून राहते आणि विक्रेता तोंड उघडत नाही, कारण आज सांगितलेला आकडा उद्या त्याच्याच अंगाशी येऊ शकतो. ही अडचण मला समजत होती, म्हणून सूट धरून आणि सूट न धरता असे दोन्ही आकडे मी मागितले होते.

एका मोटारविक्रेत्याच्या संकेतस्थळावर नाव नोंदवल्यावर दहा मिनिटांत फोन आला. गाडी कधी घ्यायची, कर्ज हवे का, जुनी गाडी बदलून द्यायची आहे का, हे सारे एका मुलीने आपुलकीने विचारले. संध्याकाळी विक्री प्रतिनिधीने बॉनेटवर हार घातलेल्या गाडीचे छायाचित्र पाठवले. मी त्याला शोरूम किंमत, कर, विमा, हाताळणी शुल्क आणि गाडी तयार झाल्याचा महिना वेगवेगळ्या ओळींत लेखी मागितला, आणि त्या क्षणापासून तो गप्प झाला. पुढच्या साडेतीन आठवड्यांत मी तीन संदेश, दोन ईमेल आणि दोन फोन केले. हा हिशेब माझ्या वहीत तारखांसह आहे. सवयीचा दोष, दुसरे काय.

यातली एकही ओळ मी हौसेने मागितली नव्हती. नव्या मोटारीला तीन वर्षांचा त्रयस्थ (थर्ड पार्टी) विमा एकदम घ्यावा लागतो, पण तो शोरूममधूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही, म्हणून त्याचा आकडा वेगळा हवा. किंमत दहा लाखांवर गेली की विक्रेता आपल्याकडून एक टक्का आयकर गोळा करतो, आणि बिलावर पेढीचा पॅन नसेल तर ती रक्कम आमच्या आयकराच्या खात्यात दिसत नाही. जानेवारीत गाडी घेताना ती गेल्या वर्षी तयार झालेली आहे का, हे विचारलेच पाहिजे, नाहीतर ती पुढे विकताना एका वर्षाने जुनी ठरते.

आदेश निघाल्याचे वर्तमानपत्रात वाचले, त्याच दिवशी मी मेळ्यातल्या त्या विक्रेत्याच्या दालनात गेले. गर्दी होती. व्यवस्थापकाने नम्रपणे फोन नंबर विचारला, संगणकात घातला आणि जरा अवघडून पडद्याकडे पाहत राहिला. मी टेबलाच्या बाजूला उभी असल्याने पडदा मलाही दिसत होता. माझ्या नावापुढे चौकशी बंद केल्याची नोंद होती आणि कारणाच्या रकान्यात लिहिले होते, ग्राहक प्रतिसाद देत नाही. त्याखाली पाठपुराव्याच्या चार तारखा होत्या. माझ्या फोनमध्ये त्यांतल्या एकाही दिवशी त्यांचा फोन आल्याची खूण नव्हती.

मी वही त्याच्यासमोर उघडून ठेवली. तो माणूस वाईट नव्हता. त्याने सांगितले की पाठपुरावा न झालेली चौकशी पडद्यावर लाल दिसते, लाल ओळींचा जाब वरून विचारला जातो, आणि म्हणून मुले जमेल ते कारण निवडून ती ओळ बंद करतात. लेखी भाव मागणारे गिऱ्हाईक तो कागद घेऊन दुसरीकडे घासाघीस करणार, असे धरून त्याला बहुधा मागेच ठेवतात. यावर रागवावे की त्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुक करावे, हे मला ठरवता आले नाही. त्याने चौकशी पुन्हा उघडली आणि संध्याकाळपर्यंत आकडे पाठवतो म्हणाला. ते आले नाहीत.

दुसऱ्या कंपनीच्या दालनात मला अर्ध्या तासात सही-शिक्क्याचे एक पान मिळाले. त्यातले हाताळणी शुल्क अण्णांनी फोनवरूनच खोडायला लावले. मार्चअखेरीआधी गाडी वापरात आली, म्हणून त्या वर्षी निम्मा, म्हणजे साडेसात टक्के घसारा, म्हणजे गाडीच्या झिजेपोटी आयकरात मिळणारी वजावट, तरी पदरात पडला.

गाडी आल्यावर पाचव्या दिवशी पहिल्या शोरूमच्या व्यवस्थापकाचा फोन आला. चौकशी पुन्हा बंद करायची होती आणि या वेळी त्याला खरे कारण हवे होते. मी म्हटले, सात वेळा विचारूनही तुम्ही भाव सांगितला नाहीत, असे लिहा. तो यादी वाचू लागला: किंमत, कर्ज नामंजूर, खरेदी लांबणीवर, ग्राहक प्रतिसाद देत नाही. थोडा वेळ पलीकडून फक्त कळफलकाचा आवाज येत राहिला.

"मॅडम, ऐसा ऑप्शन तो नहीं है," तो म्हणाला, "अदर में डाल देता हूँ."